सुरगाठ

दुसऱ्या वर्षाला फिजिकल केमिस्ट्री राहिलं माझं.
पुस्तक जुनं, खेडच्या कुणा ज्योत्स्नाचं;
तिनं गुलाबी रंगवून सोडलेलं,
उरलेलं मी पिवळं केलं.
पांढरी ओळ शोधून सापडायची नाही,
तेव्हा महत्त्वाचं काय, ते कुणाला विचारणार?

भिंतीवर वेळापत्रक होतं, चौकटी आखलेलं.
रात्री नऊ ते अकरा. पहाटे चार ते सहा.
रात्री नऊला आमच्याकडे कोळंबी सोलायला बसतात.
पहाटे चारच्या गजराला आई उठायची, मी नाही.
पाचव्या दिवशी खारी हवा लागून
कागद आपणच खाली उतरला.

धोपाव्याहून दाभोळ, दहा मिनिटांची खाडी.
पलीकडे दापोलीची एसटी.
भर पाण्यात रेंज जाते,
म्हणून तेवढं पुस्तक उघडायचे.

फेरीवर दोर सांभाळतात अब्बास परकार.
एकदा म्हणाले, "आठवडा झाला, त्याच पानावर आहेस.
पान आवडलं काय?"

मी म्हटलं, वाचते तेव्हा समजतं हो.
पेपरात हात चालत नाही.

त्यांनी दोराला एक गाठ मारली, सावकाश, मला दिसेल अशी.
"समजली?"
"समजली."
गाठ सोडून दोर माझ्या हातात दिला.

डोळ्यांना सगळं ठाऊक होतं.
बोटांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी: "पुस्तक मीट. काल काय वाचलंस?"
"तुम्हाला एन्ट्रॉपी काय कळणार, चाचा?"
"नाही कळणार. तू अडखळलीस तर कळेल."

तिसऱ्याच वाक्याला "म्हणजे ते..." झालं.
"हां. इथं," म्हणाले, आणि दोराकडे गेले.
त्या रात्री तेवढंच वाचलं, सोललेल्या कोळंबीच्या हातांनी.
त्या पानाला अजून वास आहे.

मग त्यांनी विचारलंच नाही. दोन दिवस, तीन दिवस.
शुक्रवारी, मी विसरत आले तेव्हा, विचारलं.
"परवा विचारून काय उपयोग?
परवा ओलं होतं."

नोव्हेंबरात मी एक सिद्धता पाठ केली.
चौदा ओळी, अक्षर न चुकता.
फेरी सुटल्या सुटल्या म्हणून दाखवली.
"गच्च आहे," ते म्हणाले. "आता मधूनच सांग."
मधून येईना. पहिल्यापासून म्हणावी लागे.

त्यांनी दाभोळच्या धक्क्याकडे बोट केलं.
कुणीतरी भरतीला होडी बांधून गेलं होतं निरगाठीनं, तीही आखूड दोरावर.
पाणी उतरलं होतं;
होडी नाकावर टांगलेली, बूड चिखलात.
"घट्ट नाही म्हणता येणार नाही," चाचा म्हणाले.
"सुरगाठ मारायची. वजन धरते,
आणि आपण म्हणू तेव्हा सुटते."

मग मी त्या चौदा ओळी सोडल्या.
सातवीपासून बांधल्या. शेवटून बांधल्या.
एकदा तर आईलाच धरलं:
टोपलीतली कोळंबी अंगणात सांडली
तर आपणहून टोपलीत परत जाते का?
आई म्हणाली, "हे शिकायला दापोलीला जातेस तू?"

भिंतीवर पुन्हा काही लावलं नाही.
दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी,
आणि रात्री फक्त अडखळलेलं.
काही दिवस तेही नाही; आळस केला,
सांगायला लाज वाटली तरी सांगितलं.
चाचांनी हं केलं फक्त.

पेपरात प्रश्न उलटा आला.
मी पेन ठेवलं, बोटं एकदा हवेत फिरवली,
सुपरवायझर बघत राहिला.

एप्रिलात भर ओहोटी, फेरी सावकाश वळत होती.
"एकावन्न," मी ओरडले, इंजिनच्या वर.
"कितीपैकी?"
"शंभर!"
त्यांनी दोर खांद्यावरून काढला.
"मग एकोणपन्नास अजून खाडीत आहेत," म्हणाले,
आणि धक्का आला.